पातेली, सात नग, रिकामी

मिल्टन कीन्सच्या आमच्या शेडमध्ये एकदा एक सद्गृहस्थ बर्फावर घसरायचे बूट घेऊन आले. स्कीइंगचे, दोन जोड, जवळजवळ नवे. मी म्हटलं, "सर, आमचं सामान गॅम्बियाला जातं. तिथे बर्फ पडत नाही." त्यांनी क्षणभर विचार केला आणि अत्यंत सहृदयतेने मला विचारलं, "पण पाय तर असतील ना त्यांना?"

पाय असतात, हे मान्य करावंच लागलं. बूट ठेवून घेतले.

त्या शेडमध्ये मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढची बरीच वर्षं काढली. 'चॅरिटीत काम करते' असं सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर एकदम भक्तिभाव यायचा. मला अवघडल्यासारखं व्हायचं, कारण मी करत होते ती मुख्यतः हमाली होती. ब्रिटनमधली हॉस्पिटलं आणि शाळा दर काही वर्षांनी चांगल्या वस्तू टाकून देतात. खाटा, चाकाच्या खुर्च्या, बाकं, कपाटं. त्या गोळा करायच्या, तपासायच्या, मोडलं असेल ते दुरुस्त करून घ्यायचं आणि कंटेनरमध्ये भरून पश्चिम आफ्रिकेत पाठवायचं. आमचं मुख्य गिऱ्हाईक गॅम्बिया. एका नदीच्या दोन्ही काठांना चिकटून बसलेला चिंचोळा देश. त्याआधी मी कार्डिफच्या एका हॉस्पिटलमध्ये भांडारविभागात होते, म्हणजे खाटा कुठे टाकून देतात ते मला आतून ठाऊक होतं. नवऱ्याला, अशोकला, मिल्टन कीन्सला कम्प्युटरची नोकरी लागली, तशी मीही आले.

मिल्टन कीन्स हे देणग्या घेण्यासाठी अत्यंत गैरसोयीचं गाव आहे. दर थोड्या अंतरावर एक राउंडअबाउट, आणि सगळे सारखे दिसणारे. देणगी द्यायला निघालेला माणूस त्यांच्यावर गोल गोल फिरून आमच्या दारात पोचायचा तेव्हा इतका वैतागलेला असायचा, की 'ही वस्तू आम्हाला नको, परत न्या' असं सांगायची प्राज्ञा नसायची. म्हणून आमच्याकडे स्कीइंगचे बूट होते, विजेवर तापणाऱ्या चादरी होत्या, आणि एकदा तर एका बाईंनी त्यांच्या वारलेल्या कुत्र्याचा रेनकोट आणून दिला होता.

कंटेनर भरणं ही मात्र विद्या आहे, आणि ती मला कुणी शिकवावी लागली नाही. मुंबईला जाताना एका सूटकेसमध्ये चार घरांच्या भेटी कोंबणाऱ्या बाईला ती उपजतच येते. जड सामान खाली, गाद्या भिंतींना लावून, कपाटाच्या पोटात बादल्या, बादल्यांच्या पोटात बँडेजं. रिकामी जागा सोडायची नाही, कारण जहाजवाले हवेचंही भाडं घेतात. कॉलिन माझ्याबरोबर असायचा. जन्मभर लॉरी चालवून निवृत्त झालेला, आमच्याकडे फुकट काम करायचा, आणि पगार घेत नसल्यामुळे कुणाचंही ऐकायचा नाही. माझं थोडं ऐकायचा, ते मी डब्यातून आणलेल्या बटाटेवड्यांमुळे.

दुसरा नियम कागदाचा. कागदावर 'चादरी' लिहिलं असेल तर पेटीत चादरीच हव्यात. एखादा उशीचा अभ्रा निघाला तरी तिकडच्या बंदरात कंटेनर अडकतो. भरणाऱ्याने कितीही पुण्यकर्म केलेलं असो, कस्टमवाल्याला ते दिसत नाही. त्याला फक्त अभ्रा दिसतो.

आता खेदाची गोष्टही सांगते. बऱ्याच वेळा आम्ही जे पाठवलं ते त्यांना हवं होतं म्हणून नाही, आमच्याकडे होतं म्हणून. नदीच्या वरच्या अंगाला एका आडगावात सिस्टर बिंता नावाची दाई एक आरोग्यकेंद्र चालवायची. तिला आम्ही कमी दिवसांच्या बाळांसाठीची काचेची पेटी पाठवली. छान, चालू स्थितीतली. पण तिच्याकडे वीज नव्हती. पुढे कधीतरी गावच्या पोस्टातल्या एकुलत्या फोनवरून तिने सांगितलं, की त्या पेटीत ती पाव ठेवते आणि मुंग्या अजिबात लागत नाहीत. टोमणा नव्हता तो. ती खरंच पेटीचं कौतुक करत होती. 

त्या दिवशी मी तिला विचारलं, "सिस्टर, तुला खरंच काय हवंय?"

 मग तिने सांगितलं. बाळंतिणींसाठी दोन खाटा, रॉकेलवर चालणारं हत्यारं उकळायचं भांडं, आणि स्वयंपाकाची मोठी पातेली.

"पातेली?" मी म्हटलं. "पातेली कशाला?"

तिने मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. पावसाळ्यात तिच्या गावाचा रस्ता वाहून जातो. लांबच्या वस्त्यांवरच्या बायका कळा सुरू झाल्यावर निघतात आणि वाटेतच अडकतात. गेल्या पावसात अशा दोघी गेल्या. यावर उपाय एकच, की पाऊस लागण्याआधीच त्यांनी केंद्रावर येऊन राहायचं. पण बाई एकटी येत नाही. तिच्याबरोबर सासू येते, जाऊ येते, पोरं येतात. एवढ्यांचा भात रांधायला केंद्रावर भांडं नाही, म्हणून कुणी राहायलाच येत नाही. "खाटा मिळाल्या आणि पातेली नाही मिळाली," बिंता म्हणाली, "तर खाटा रिकाम्या राहतील."

ब्रिटिश हॉस्पिटलं सगळं टाकून देतात, पण चाळीस माणसांच्या भाताचं पातेलं त्यांच्याकडे मुळात नसतंच. ते कुणाकडे असतं हे मला ठाऊक होतं. मी लंडनच्या कडेला पिनरला नलूताई गद्र्यांना फोन लावला.

नलूताई म्हणजे तिकडच्या मराठी मंडळाचा कणा. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, अंगाने लहानखुऱ्या, आणि आवाज असा की त्यांना फोनची तशी गरज नसावी. आम्ही बौद्ध, त्यामुळे मंडळाच्या गणपतीला माझी हजेरी जेवणापुरती. पण जेवणाला मी कधी चुकले नाही आणि नलूताईंनी मला वाढताना कधी हात आखडला नाही. त्या जेवणांची मोठाली पातेली त्यांच्याच गॅरेजमध्ये असायची. हल्ली मंडळ केटररकडून जेवण मागवायला लागलं होतं.

"घेऊन जा बाई, घेऊन जा!" नलूताई म्हणाल्या. "गॅरेजमध्ये नुसती पडून आहेत. हे रिव्हर्स घेताना रोज त्यांच्यावर गाडी आपटतात आणि वर मलाच बोलतात. I am fed up."

शनिवारी मी आणि कॉलिन व्हॅन घेऊन पिनरला गेलो. सात पातेली ओळीने मांडून ठेवलेली. घासूनपुसून लख्ख. प्रत्येकावर रीतीप्रमाणे नाव कोरलेलं: कुणाच्या स्मरणार्थ, कुणाकडून सप्रेम भेट. झाकणं परकराच्या नाड्यांनी करकचून बांधलेली.

"उघडू नकोस हं," नलूताई म्हणाल्या. "झाकणं अदलाबदल झाली की बसत नाहीत मग."

कॉलिनने पहिलं पातेलं उचललं आणि 'हूं' केलं. "बरंच जड आहे," तो म्हणाला.

"जुन्या काळचा माल आहे," मी अभिमानाने म्हटलं. "हल्ली असं जाड पत्र्याचं मिळत नाही."

पातेली मी मुद्दाम शेवटी भरली, अगदी दाराशी. तिकडच्या बंदरात दार उघडलं की पहिल्यांदा चकचकीत पातेली दिसावीत, अधिकाऱ्याचं मन प्रसन्न व्हावं, हा हेतू. कागदावर माझ्या हाताने लिहिलं: पातेली, सात नग, रिकामी. कंटेनर रवाना झाला आणि मी निर्धास्त झाले.

पुढे काही आठवड्यांनी तिकडच्या एजंटचा फॅक्स आला. कंटेनर अडवला आहे. पातेली रिकामी नाहीत.

मी लगेच पिनरला फोन केला. "नलूताई, पातेल्यांत काही घातलं होतंत का?"

"म्हणजे काय?" नलूताईंना प्रश्नच कळला नाही. "घालणारच ना! भांडं कधी रिकामं देतात का कुणाला?"

"काय घातलं होतंत?"

"तांदूळ. मूठभरच घालणार होते गं. पण एवढाल्या पातेल्यात मूठभर तांदूळ दिसतात कसे? अगदी दरिद्री. म्हटलं, भांड्याला शोभतील एवढे तरी नकोत का? मोठ्यात जास्त, लहानात कमी. आणि नुसते तांदूळ तरी कसे द्यायचे, म्हणून नारळ घातले. नारळ घातले म्हणून साखर. वेलदोडे, लवंगा, बेदाणे… तेवढं सगळं घरात होतंच."

"अहो नलूताई, हा नारळीभात झाला!"

"झाला तर झाला. त्यांना पोचल्या पोचल्या करता येईल. You don't worry."

मला खरं तर त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायला तोंड कुठे होतं? माझी आई शेजारणीची वाटी परत करताना घरात काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे तरी टाकायची. नलूताईंचं घर आणि आमचं घर यांत हजार गोष्टी वेगळ्या होत्या. त्यांच्या आजोबांच्या पंगतीला माझ्या आजोबांना कुणी बसू दिलं नसतं, हे आम्हा दोघींनाही न बोलता ठाऊक होतं. पण रिकामं भांडं परत करायचं नाही, हे दोन्ही घरांत अगदी सारखं होतं. झाकणं उघडून मी आत पाहिलं असतं, तर तांदूळ काढून ठेवायला माझाही हात धजला नसता.

आमचे चेअरमन मिस्टर विटकम, निवृत्त हेडमास्तर, यांनी फॅक्स दोनदा वाचला. "मिसेस जाधव," ते म्हणाले, "प्रश्न तुमच्या लोकांच्या स्वयंपाकघरातला दिसतो. मला वाटतं, तुम्हीच गेलेलं बरं." इतक्या वर्षांत मला आफ्रिकेत पाठवायची गरज कुणाला वाटली नव्हती. ती नारळीभाताने निर्माण केली.

घरी मुलगी रूपाली तिच्या विलायती मराठीत म्हणाली, "Mum, तू एकटं जाणार? तुला injections तरी घेतलंय का?"  अशोकने माझी सूटकेस भरताना तीत खाण्याचं काहीही नाही, हे दोनदा तपासलं.

विमानातून उतरले तेव्हा उन्हाचा नुसता भपकारा. विमानतळाच्या दारात सिस्टर बिंता उभी. फोनवरच्या बारीक आवाजावरून मी चिमुकली बाई कल्पिली होती. समोर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशातली, दारातून वाकून यावं लागेल अशी उंच बाई. कंटेनरसाठी ती दिवसभराचा प्रवास करून आली होती. माझ्या हाताला धरून तिने मला बाहेर आणलं आणि आभाळाकडे बोट दाखवलं. दूर, उपनगरातल्या घरांमागे, काळसर काहीतरी जमायला लागलं होतं.

"आज सोमवार ना?" ती म्हणाली. "हा आठवडा संपेपर्यंत सामान गावात पोचलं नाही, तर या वर्षी पोचणार नाही. तीन बायकांना मी सांगून आलेय, की या, राहा, भांडी येतायत."

बंदरातल्या अधिकाऱ्याचं नाव मिस्टर जॅलो. सडपातळ, गंभीर, शर्टाच्या घड्या अशा की हात कापावा. त्याने आमच्या कंटेनरमधली सातही पातेली गोदामाच्या फरशीवर चढत्या आकाराने मांडली होती. टेबलावर सात नाड्या, व्यवस्थित गुंडाळून, पुराव्यादाखल.

"या कसल्या दोऱ्या?" त्याने विचारलं.

"बांधायच्या," मी म्हटलं. अधिक तपशिलात शिरले नाही.

मग त्याने सर्वांत मोठ्या पातेल्यावरच्या अक्षरांवर पेन्सिल टेकवली. "आणि हे? आतल्या मालाचं वर्णन?"

"नाही. 'कैलासवासी विष्णुपंत यांच्या स्मरणार्थ.'"

"हे मालाचे मालक?"

"नाही, ते वारले."

"मग माल कुणाचा?"

"पातेली मंडळाची. म्हणजे होती. आता सिस्टरांची."

"म्हणजे पातेली एका मंडळाची," मिस्टर जॅलो सावकाश म्हणाला, "नाव एका मृत गृहस्थांचं, पाठवलीत तुम्ही, आणि तांदूळ कुणी घातले हे कागदावर कुठेच नाही. कागदावर आहे 'रिकामी'. मॅडम, ही पातेली रिकामी आहेत का?"

"नाहीत."

"मग तसं का लिहिलंत?"

मी त्याला सगळं सांगितलं. पिनर, गॅरेज, नलूताई, शोभतील एवढे तांदूळ. आमच्याकडे रिकामं भांडं कुणाला देत नाहीत, हेही सांगितलं.  शेवटी तो म्हणाला, "या बाईंना नियम माहीत नव्हता?"

"माहीत असता तरी घातलंच असतं. त्यांच्या आईने शिकवलंय तसं."

"त्यांच्या आई आहेत?"

"छे हो. नलूताईंचंच वय झालं. आई कधीच गेल्या."

"मग भांडी रिकामी दिली म्हणून आता त्यांना कोण जाब विचारणार होतं?" मिस्टर जॅलो म्हणाला, आणि त्याने नियमांचं पुस्तक उघडलं.

नियम असा होता. परवानगीशिवाय आलेलं धान्य एक तर परवानगी येईपर्यंत ठेवून घ्यायचं, आणि परवानगीला निदान महिना. किंवा मग अधिकाऱ्याच्या समक्ष आगीत नष्ट करायचं. ते झालं की कागद आणि माल जुळतील आणि कंटेनर मोकळा होईल.

"जाळायचे?" मी म्हटलं. "तांदूळ?"

माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरचे हमाल आत डोकावले. महिनाभर थांबलं तर रस्ता जाणार होता. आणि अन्नाला काडी लावायची म्हणजे माझ्याने होणार नव्हतं. मी त्या पातेल्यांकडे बघत राहिले आणि मला अक्षरशः रडू यायला लागलं. मिस्टर जॅलोचाही चेहरा काही आनंदी नव्हता. पुस्तक त्याने बंद केलं नाही आणि पानही उलटलं नाही.

तेव्हा बिंता पुढे झाली. "मिस्टर जॅलो," ती म्हणाली, "आग किती मोठी हवी, ते लिहिलंय का?"

त्याने पुन्हा वाचलं. "नाही. फक्त 'आगीने' असं आहे."

"आणि आगीवर पाणी घालायला मनाई आहे?"

"तसंही नाही."

"आणि पातेलं आगीवर ठेवायला?"

मिस्टर जॅलोने पेन्सिल खाली ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग विष्णुपंतांच्या पातेल्याकडे. "नष्ट करण्याचं काम माझ्या देखरेखीखाली होईल," तो म्हणाला. "आणि पूर्ण झालं पाहिजे. एक दाणाही उरता कामा नये."

पुढचे काही तास माझ्या नोकरीतले सर्वांत सुखाचे. गोदामामागच्या मोकळ्या जागेत हमालांनी तीन दगड मांडले आणि फुटक्या पेट्यांच्या फळ्या आणून टाकल्या. चार माणसांचा भात आयुष्यभर केलेली मी, एवढ्या माणसांसाठी कधी रांधलं नव्हतं. दोन नारळ खवट निघाले, बाकीचे शाबूत होते. ते हमालांनी फोडले आणि खवायला किसणी नाही म्हणून बिंताने आपल्या बॅगेतला चाकू काढला. तो कशाचा, ते मी विचारलं नाही. तूप नव्हतं, मग कुणीतरी शेंगदाण्याचं तेल पैदा केलं. नारळीभात शेंगतेलात! नलूताईंना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

साखर घालायला घेतली तशी बिंताने माझा हात धरला. "भातात? साखर?"

"आमच्याकडे घालतात."

"आजारी माणसांना?"

"नाही, सणाला."

तिने हमालांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. एक जण उठून गेला आणि सुकी मासळी आणि मिरच्या घेऊन आला, वेळ पडलीच तर असाव्यात म्हणून.

मिस्टर जॅलो हात मागे बांधून देखरेख करत होता. अधूनमधून पातेल्यात वाकून पाही आणि घड्याळ पाही. भात झाला तेव्हा मोठ्या परातीसारख्या तसराळ्यांत तो काढला आणि सगळे गोल करून बसले, एका तसराळ्याभोवती सात-आठ जण, प्रत्येकाचा उजवा हात आपल्यासमोरच्या भातात. मलाही सरकून जागा दिली. माझ्या एका बाजूला बिंता, दुसऱ्या बाजूला एक दणकट हमाल, जो चांगला घास दिसला की बोटाने माझ्या बाजूला सारायचा. पंगत म्हटली की आमच्या घरात मोठी माणसं अजूनही गप्प होतात. मी मात्र त्या दिवशी पोटभर जेवले, आणि मध्येच माझ्या वडिलांची फार आठवण आली. ते असते तर त्यांना हे सांगायला किती मजा आली असती.

साखरेबद्दल मतभेद झाले. मासळीबरोबर बरा लागतो, यावर शेवटी बहुमत जमलं. मिस्टर जॅलोला बिंताने बसायला सांगितलं, तर म्हणाला, मी कामावर आहे. पण नष्ट करण्याचं काम पूर्ण झालं की नाही हे तपासणं त्याचं कर्तव्यच होतं, त्यामुळे शेवटी त्याने टोपी काढून ठेवली आणि विष्णुपंतांच्या पातेल्याची खरवड एकट्याने, अत्यंत बारकाईने तपासली. बूड लख्ख होईपर्यंत.

पातेली धुऊन झाली. मिस्टर जॅलोने ती एकेक उपडी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि कागदावर सही केली. मग आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं. मोहोर लावायच्या वेळी जवळ कुणी असायचं नाही, असा म्हणे नियम होता. पातेली त्याने आपल्या एका माणसाबरोबर स्वतः आत ठेवली, झाकणं नाड्यांनी स्वतः बांधली, दार लावून मोहोर ठोकली.

दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाकाठाने आमचा ट्रक निघाला. ढग आमच्या मागून येत होते. बिंता ड्रायव्हरला 'हळू चालव' असं एकदाही म्हणाली नाही. रस्ता होता म्हणायचं इतकंच. पण गावात पोचलो तेव्हा तो अजून होता.

केंद्रासमोर आंब्याखाली सगळं गाव जमलेलं. मोहोर सर्वांसमोर तोडली. एका बाजूला तीन पोटुशा बायका, सासवांसकट, चटयांवर बसून होत्या. गावच्या म्हाताऱ्याने भाषण केलं, बिंताने मला ते सांगितलं, आणि मग पातेली उतरवून आंब्याखाली मांडली. म्हाताऱ्याला ती उघडून दाखवावीत, अशी रीत.

 आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला माझ्या हाताने भांडी देत होते, आणि सातच्या सात रिकामी. नलूताईंनी सढळ हाताने भरलेली, मी वाटेत खाऊन रिकामी केलेली. "सिस्टर," मी हळूच म्हटलं, "नको उघडूस. नंतर उघड."

"का? लाज वाटते?" बिंता म्हणाली आणि तिने नाडीची गाठ ओढली.

आत ओल्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी होतं. पानं बाजूला केली, तर कोलाच्या बिया. कोला म्हणजे सुपारीपेक्षा मोठी, लालसर, कडवट बी. तिकडे लग्नाला, बारशाला, कुणाला मान द्यायचा असला की हीच देतात. आमच्याकडे पानसुपारी, तसं. म्हाताऱ्याने एक उचलून सगळ्यांना दाखवलं आणि बायकांनी एकच गलका केला. दुसरं पातेलं उघडलं, त्यातही. तिसऱ्यातही. लहान पातेल्यात थोड्या, मोठ्यात जास्त. विष्णुपंतांच्या पातेल्यात तर ढीग. भांड्याला शोभतील एवढ्या.

बिंताने एक कोला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "त्या माणसाने," ती म्हणाली, "आजवर माझी कागदावर नसलेली पेन्सिलसुद्धा सोडलेली नाही."

पुढचं आधीच सांगून टाकते. मी परत फिरल्यावर दोन दिवसांत पाऊस लागला आणि रस्ता गेला. तिन्ही बायका केंद्रावरच होत्या. तिघी सुखरूप बाळंत झाल्या, आणि विष्णुपंतांच्या स्मरणार्थ रोज भात शिजत राहिला. बिंताने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी शेडमध्ये कॉलिनसमोर चक्क रडले. त्याने स्कीइंगच्या बुटांची पेटी माझ्याकडे सरकवली, बसायला. नलूताईंचा एकच प्रश्न होता: "रिकामी नाही ना गेली गं?" मी म्हटलं, "नाही हो नलूताई. एकही नाही."

पण परतीच्या वाटेवर मी बंदरात गेले होते, ते राहिलं. मिस्टर जॅलो त्याच टेबलाशी, तशाच कडक शर्टात. मी म्हटलं, "कोलाबद्दल आभार मानायला आलेय."

"कसला कोला?" त्याने वरही पाहिलं नाही. "मॅडम, पातेली रिकामी होती. मी स्वतः तपासली, स्वतः सही केली."

मी उभीच राहिले. बाहेर हमाल कुठला तरी कंटेनर उघडत होते. थोड्या वेळाने त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"माझी आई अजून आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याने पुढचा कागद ओढला.